तीस सेकंदांची बत्ती

भिवराअक्काच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. वरची नऊ इंचांची, मधली अकरा आणि खालची, नालीला लागून असलेली, चौदा इंचांची. एकीची उंची दुसरीला जुळत नाही आणि धरायला कठडा नाही. हे आकडे मी टेप लावून घेतले आहेत. पण ज्या दिवशी घ्यायला हवे होते त्यानंतर अडीच महिन्यांनी घेतले. मधल्या काळात मी बाकी सगळं मोजलं.

अक्का माझी थोरली बहीण. वय अडुसष्ट. धारूरला किल्ल्याच्या अंगाला असलेल्या एका गल्लीत, दोन खोल्यांच्या घरात ती एकटी राहते. मी बीडला एका महाविद्यालयाच्या कार्यालयात मुख्य लिपिक आहे आणि येत्या जूनअखेर निवृत्त होईन. आमचे दाजी कावीळ होऊन गेले तेव्हा अक्का सव्वीस वर्षांची होती आणि तिचा अभिमन्यू चार वर्षांचा. माहेरी चल म्हणून वडील दोनदा न्यायला गेले. ती आली नाही. सासूच्या हाताखाली ती बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला शिकली आणि त्यावरच तिनं मुलगा वाढवला, आयटीआयला घातला. अभिमन्यू आता चाकणला एका कारखान्यात सुपरवायझर आहे.

बाळंतपणं आता दवाखान्यात होतात, पण घरी आलेल्या बाळाला सव्वा महिना, कधी मान धरेपर्यंत, न्हाऊ घालायला अजून अक्काच लागते. पहाटे पाचला उठायचं, साडेपाचला घराबाहेर पडायचं, आणि ऊन वर यायच्या आत तीन घरं करायची. पाटावर बसून ती पाय लांब करते, बाळाला नडग्यांवर पालथं घेते, तेल जिरवते, डाळीचं पीठ लावते, ऊन पाण्याचा तांब्या अंदाजानं धरते आणि मग ओवा-वावडिंगाची धुरी देते. बाळ आधी गल्ली डोक्यावर घेतं आणि नंतर चार तास झोपतं. अर्ध्या धारूरनं तिच्या नडग्यांवर अंघोळ केलेली आहे. मोठमोठ्या मिशावाल्यांना ती भर बाजारात सांगते, "तू लई रडका हुतास. तुझी आई पडद्याआडून मला शिव्या द्यायची."

आता पायऱ्यांकडे येतो.

अक्काच्या दारावर एक साधा बल्ब होता. त्याचं बटण आत, खोलीत. ती उठली की आधी तो लावायची. गल्लीला ते इतकं सवयीचं झालं होतं की दारावरची बत्ती लागली म्हणजे अक्का उठली, आता तिला हाक मारायला हरकत नाही, असा हिशेब ठरून गेला होता. कुणाच्या लेकराचं पोट फुगलेलं असायचं, कुणाची मान अवघडलेली असायची. बत्ती दिसली की बायका लेकरू घेऊन यायच्या. निघताना मात्र अक्का बत्ती बंद करायची, अंधारात बाहेर यायची, कुलूप लावायची आणि पायऱ्या उतरायची. नऊ वाजेपर्यंत ती परत येत नाही, आणि दिवसाउजेडी बंद घरावर दिवा जळत ठेवणं तिला मुळीच मान्य नाही.

"रिकाम्या घराला बत्ती कशाला? कोण मेलंय का घरात?" असं ती म्हणते. माणूस गेलेल्या घरात दहा दिवस दिवा तेवता ठेवतात, दुसऱ्या कुठल्या घरात माणूस नसताना दिवा जळत नाही, हे तिच्या डोक्यात पक्कं आहे. तिथं वाद चालत नाही.

दिवाळी झाली आणि दर वर्षीप्रमाणे गल्ली रिकामी झाली. अकरा घरांपैकी सात घरं ऊसतोडीला गेली. सात दारांवरचे बल्ब गेले. विजेचा खांब गल्लीच्या तोंडाशी आहे, त्याचा उजेड अक्कापर्यंत पोचत नाही. अशा एका पहाटे ती खालच्या पायरीवरून नालीत गेली. उजवं मनगट मोडलं. हाक ऐकायला शेजारी कुणी नव्हतं. दूधवाला येईपर्यंत, म्हणजे पाऊण तास, ती तिथंच बसून होती.

प्लास्टर घातल्यावर अभिमन्यू आला, दोन दिवस राहिला आणि जाताना माझ्यादेखत म्हणाला, "मामा, ह्या वेळेला मी आईचं ऐकतोय. पण आता एकदा जरी पडली तरी विषय संपला. घराला कुलूप लावायचं आन् चाकणला. मग तुमी बी मधी पडायचं न्हाई."

अक्का भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती एवढंच म्हणाली, "बरं."

चाकणला ती एकदा तीन आठवडे राहून आली होती. चौथ्या मजल्यावरचं घर. खालच्या मजल्यावर एक तान्हं बाळ रात्रंदिवस रडायचं. अक्कानं न राहवून त्यांचं दार वाजवलं, तर आतल्या बाईनं साखळी न काढता विचारलं, कोण पाहिजे? ती गोष्ट अक्का अजून सांगते. पडण्यापेक्षा तिला त्या साखळीची भीती जास्त होती. तिचं धारूर आता एका पायरीवर टांगलेलं होतं, आणि मी तिला म्हणालो, "बत्तीचं माझ्याकडं लागलं. आपोआप लागंल, आपोआप बंद होईल. तू काळजी करू नको."

चाळीस वर्षांच्या नोकरीत मी टाचणीसुद्धा तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय घेतलेली नाही. त्यामुळे दारासाठी माणूस आला की लागणारी बत्ती निवडायची म्हणजे काय अवघड, असं मला वाटलं. वही काढली. किती अंतरावरून ओळखते, किती अंशांत ओळखते, किती वेळ चालू राहते, पावसात टिकते का, असे रकाने आखले.

पहिला मनस्ताप असा की रकाने भरताच येईनात. मोबाइलवर माझी मुलगी सायली मला अभिप्राय वाचून दाखवायची. "छान वस्तू. वेळेवर आली. पाच तारे." "डिलिव्हरी देणारा दादा खूप चांगला आहे. पाच तारे." "खोकं दबलेलं होतं. एक तारा."

"अगं, पण बत्ती कशी आहे?" मी विचारायचो.

"ते कुणीच लिहिलेलं नाही, बाबा."

"मग शंभर लोकांनी लिहिलंय काय?"

"वस्तू आली, असं लिहिलंय."

बाजारात गेलो. बीडमधली चार दुकानं पालथी घातली. एका दुकानदारानं खोकं समोर आपटलं. त्यावर तोंडाला फडकं बांधलेल्या चोराचं चित्र होतं. मी विचारलं, "हिला समोरून येणारा माणूस लवकर दिसतो की आडवा जाणारा?"

त्यानं खोक्यावरच्या चोरावर बोट ठेवलं. "साहेब, सेन्सर हाय. सेन्सर म्हणजे सेन्सर. चोर आला की लागती."

"चोर नाही, माझी बहीण आहे."

"मग बहीण आली की लागंल की!"

त्या चारही दुकानांत, त्या सगळ्या खोक्यांवर, चोरच होता. अक्का घरात येत नव्हती, घरातून बाहेर जात होती. हा फरक मला तिथंच खटकायला हवा होता. नाही खटकला. मी तक्त्यात 'अंतर : बारा मीटर' असं लिहीत होतो.

पहिली बत्ती मी सौरऊर्जेवरची घेतली. वायर ओढायची नाही, आतल्या बटणाशी संबंध नाही, सगळं सुटसुटीत. शनिवारी तेलगावमार्गे एसटीनं धारूर गाठलं आणि दोन स्क्रूंवर ती दारावर बसवली. संध्याकाळी लागली. अक्काच्या हाताला प्लास्टर होतं, तरी तिनं डाव्या हातानं माझ्या पाठीवर थाप मारली. सोमवारी तिचा फोन आला. "बद्री, तुझी बत्ती रातच्याला लागती, पहाटं न्हाई लागत."

घराचं दार उत्तरेला आहे आणि समोर दुमजली घराची भिंत. हिवाळ्यात तिथं उन्हाचा कवडसा पडत नाही. चाळीस वर्षं त्या घरी येतो-जातो, आणि दारावर ऊन येतं का हे मला सांगता आलं नसतं. सौर बत्ती काढून मी माझ्या बीडच्या गच्चीवर लावली. तिथं तिची काहीच गरज नाही. रोज रात्री कबुतरांसाठी लागते.

दुसरी बत्ती विजेवरची. तिच्यासाठी शहादेव वायरमनला बोलावलं. हा शहादेव अक्काच्या हातचाच. शिडीवर चढून तो दारावरचा जुना होल्डर काढत होता तेव्हा अक्का खाली उभी राहून म्हणाली, "नीट चढ रं बाबा. ह्याची मान लई उशिरा धरली. सहाव्या म्हयन्यापतुर डुगडुगायची."

"अक्का, साहेबांसमोर नका सांगू," शहादेव वरून म्हणाला.

"साहेब न्हाई त्यो, बद्री हाय. ह्याचीबी सांगते थांब."

बत्तीच्या बुडाला दोन बारीक चकत्या होत्या, टेस्टरनं फिरवायच्या. एक वेळेची, एक किती बारकाईनं ओळखायचं त्याची. शहादेवनं दोन्ही पार टोकाला नेल्या. बत्ती पाच मिनिटं चालू राहायची. अक्का दारात आली की लागायची, ती गेल्यावर आपली आपण बंद व्हायची. डिसेंबरच्या मध्यावर प्लास्टर निघालं, अक्का पुन्हा कामाला लागली, आणि मी वहीत त्या पानावर तिरपी रेघ मारून 'पूर्ण' असं लिहिलं.

आठवड्यानं फोन. "बद्री, ही बत्ती शेळीलाबी लागती."

"लागू दे की."

"लागू दे काय? पंचशीला येती न्हवं!"

पंचशीला म्हणजे तीन घरं सोडून राहणारी शेजारीण. तिचा नवरा बाजार समितीत तोलाईचं काम करतो, त्यामुळे ते घर ऊसतोडीला जात नाही. तिचं पहिलंच बाळ, तीन महिन्यांचं, सारखं कुरकुरणारं. ती बिचारी दाराच्या फटीतून अक्काच्या बत्तीकडे डोळे लावून बसायची. शेळी गेली, बत्ती लागली, की ही लेकराला गुंडाळून आलीच. "अक्का, उठलाव न्हवं? बत्ती दिसली म्हनून आले." कधी पहाटे तीनला, कधी चारला. मागोमाग खालच्या गल्लीतल्या दोघी. कुत्रं गेलं तरी बत्ती, वाऱ्यानं पिशवी उडाली तरी बत्ती, आणि प्रत्येक बत्तीमागं एक लेकरू.

"त्यांना सांग ना, बत्तीवर जाऊ नका म्हणून."

"काय सांगू? तीस वर्सं बत्ती बघूनच येत्यात त्या. आता यंत्र बसलंय, खोटं बोलतंय, असं सांगू?"

मला त्या बायकांचा राग आला, शेळीचा आला, खोक्यावरच्या चोराचा आला. एवढं साधं काम, आणि त्यात गल्लीची सवय आडवी यावी! मी कार्यालयातूनच शहादेवला फोन केला. दोन्ही चकत्या पार कमीवर आण म्हणालो. वेळ तीस सेकंद. ओळखणं अगदी मंद, म्हणजे दारात आलं तरच दिसेल, गल्लीतलं काही दिसणार नाही.

"साहेब, तीस लई कमी हुतंय," शहादेव म्हणाला.

"तीन पायऱ्या उतरायला किती वेळ लागतो?"

"तसं काय, धा सेकंद."

"मग? वीस सेकंद शिल्लक आहेत."

त्यानं चकत्या फिरवल्या. बायका यायच्या बंद झाल्या. अक्काचा फोनही आला नाही. मी पुन्हा 'पूर्ण' लिहिलं.

जानेवारीत संक्रांतीनंतरच्या शनिवारी मी धारूरला गेलो. अक्कानं दार उघडलं तेव्हा ती डावा कोपर पदराखाली घेऊन उभी होती. चहा टाकतानाही तो पदराखालीच. मी विचारलं, "हाताला काय झालं?"

"काय न्हाई. थंडीनं आखडलाय."

तेवढ्यात पंचशीला तिळगूळ घेऊन आली. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं. वाटी ठेवत ती म्हणाली, "अक्का, कोपराची सूज उतरली का वं? हळद लावायलाव न्हवं? भाऊ, बरं झालं आलाव. त्या दिशी मी पानी फेकायला बाहीर आले म्हनून बरं. पायरीवरच बसल्या हुत्या, उठता येईना."

अक्कानं तिच्याकडे असं पाहिलं की पंचशीला वाटी तशीच ठेवून निघून गेली.

मी दार लोटलं. "कधी पडलीस?"

"झाले आठ-नऊ दिस."

"बत्ती लागली नव्हती?"

"लागलती की. लागती आन् जाती. जाऊ दे ना बाबा. कोपराला लागलंय, मोडलं तर न्हाई. कोपरानं कुठं न्हाऊ घालत्यात?"

"अभिमन्यूला सांगितलंस?"

ती पुढे सरकली आणि माझ्या मनगटाला धरून म्हणाली, "बद्री, तुला शपत हाय. त्याला कळलं तर उद्या गाडी दारात उभी राहील. पंचशीलाच्या पोराला अजून मान सावरायची हाय. दोघी ह्या म्हयन्यात बाळंत होनार हायेत. मी काय तिथं जाऊन लिफ्टमधी बसू?"

मी शपथ घेतली नाही, नाकारलीही नाही. मला तेव्हा एकच प्रश्न पडला होता. बत्ती चालू असताना माणूस पडतो कसा?

दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला, फिरून येतो असं सांगून, मी शाल पांघरून समोरच्या बंद घराच्या ओट्यावर जाऊन बसलो. बालाघाटातली थंडी, ओट्याची फरशी बर्फासारखी. मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरून ठेवलं होतं.

साडेपाचला दार उघडलं. अक्का बाहेर आली, बत्ती लागली. लख्ख उजेड. मी घड्याळात पाहिलं. ती लगेच गल्लीकडे पाठ करून दाराकडे वळली. दार खाली बसलेलं आहे. कडी कोयंड्यात नीट जात नाही. तिनं पिशवी पायाशी ठेवली. डाव्या हातानं दाराची फळी वर उचलली, आणि उजव्या, नुकत्या जुळलेल्या मनगटानं कडी दाबू लागली. वीस सेकंद. कडी बसेना. तिथंच वाकून, न हलता, ती जोर लावत होती. तीस सेकंदांना बत्ती गेली.

अंधारातच कडीचा आवाज आला, मग कुलपाचा. मग तिनं ते दोनदा ओढून पाहिलं. अंधुक आकृती तेवढी दिसत होती. तिनं किल्ली कनवटीला लावली, पिशवी उचलली आणि वरच्या पायरीवर वळली. एक मिनिट दहा सेकंद झाले होते. डाव्या हातात पिशवी, उजवा हात सरळ डोक्यावर उचलून तिनं बत्तीपुढं हलवला, गाडीला हात करावा तसा. एकदा. दोनदा. भिंतीला टेकलेला हात सुटला, तोंड वर, पाऊल पायरीच्या कडेला. तिसऱ्यांदा हात हलवल्यावर बत्ती भप्पकन लागली ती थेट तिच्या डोळ्यांत. ती डोळे मिटून तशीच थांबली. मग आंधळ्यासारखं पायानं चाचपत खाली आली.

जुन्या बल्बच्या काळात ती निदान अंधारात अंधार समजून उतरत होती. उजेडाचा भरवसा देऊन ऐन पायरीवर तो काढून घेण्याची सोय मी केली होती. वीस सेकंद शिल्लक धरून!

"रोज असंच करतेस?" मी ओट्यावरून उठून विचारलं.

ती दचकली. "अगं बाई! तिथं काय बसलायस थंडीचा? व्हय, हात दावावा लागतो तिला. तू तिची वेळ कमी केलीस तवापास्नं."

"मग मला कावून सांगितलं न्हाईस?" मीही तिच्याच बोलीवर आलो होतो.

"तू दोनदा येऊन गेलास, शहादेव चारदा शिडीवर चढला. आनखी काय बोलायचं तुला? चुकीची आनलीस म्हनू?" आणि मग थोडं थांबून, "आन् तू ती कमी केल्यापास्नं पहाटं कोन येईना बी. पंचशीलाचं पोर त्या दिशी कान दुखून रातभर रडलं. ती दारात बसून बत्ती कधी लागती बघत हुती. मला काय ठाऊक?"

म्हणजे तिनं मला 'पंचशीला येती' असं सांगितलं होतं ते एक बोलणं होतं. शेजाऱ्यांबद्दल माणूस बोलतो तसं. बंदोबस्त कर, असं ती म्हणाली नव्हती.

दुपारी अभिमन्यूचा फोन माझ्या मोबाइलवर आला. रविवारी तो करतोच. "काय मामा, धारूरलाच का? आई बरी हाय न्हवं? बत्ती काय म्हनती?"

अक्का समोर लसूण सोलत होती. हात थांबले. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"अभि, ती पडली होती. नऊ दिवसांपूर्वी."

त्याला मध्ये बोलू न देता मी पुढे सांगत राहिलो.

"ऐक. कोपराला मुका मार आहे. पण ती माझ्यामुळं पडली. मी जी बत्ती बसवली तिच्यात दोष नाही, माझ्या निवडीत होता. मी तिला दारातून निघताना एकदाही पाहिलं नव्हतं. तू न्यायचं ठरवशील तर मी आडवा येणार नाही. फक्त आधी येऊन एक पहाट समोरच्या ओट्यावर बस. मग ठरव."

"मामा, तुमी हिशेबाचे मानूस. एवढं साधं कसं चुकलं तुमचं?"

बुधवारी येतो म्हणून त्यानं फोन ठेवला. अक्कानं लसणाचं ताट उचललं, आत गेली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. जेवणाचं ताट पुढे सरकवताना भिंतीला उद्देशून म्हणाली, "मागच्या जल्मी ह्यो मानूस पोलिसपाटील असनार."

दुसऱ्या दिवशीची मी रजा टाकली. शहादेवला बोलावलं आणि त्याच दिवशी पायऱ्या मोजल्या. बत्ती दारावरून काढली. तिचं ओळखणारं डोकं, म्हणजे सेन्सर, वेगळं निघत होतं; ते आम्ही वरच्या पायरीच्या बाजूच्या भिंतीत, घोट्याच्या उंचीवर, आडवं बसवलं. आता तिला गल्ली दिसत नव्हती, फक्त पायरीवरचे पाय दिसत होते, आणि तेही आडवे जाणारे, जे सेन्सरला लवकर ओळखू येतात. उजेड वरून डोळ्यांत येण्याऐवजी खाली पायऱ्यांवर पडावा म्हणून शहादेवनं बल्ब त्याच भिंतीत गुडघ्याएवढ्या उंचीवर लावला आणि त्याला पत्र्याची टोपी केली. वेळेची चकती मी स्वतः फिरवली. चार मिनिटं.

"साहेब, शेळी पायरीवर चढली तर?" शहादेवनं विचारलं.

"चढू दे."

"पंचशीलाताई येतील मग."

"येऊ दे."

शहादेव हसला. मला हसू आलं नाही. जी गोष्ट डोकं खाली उतरवून आणि एक चकती उलट फिरवून होणार होती तिच्यासाठी मी थंडीचे दोन महिने घालवले होते, आणि मधे एक म्हातारं माणूस पडलं होतं.

अभिमन्यू बुधवारी रात्रीच्या गाडीनं आला. अक्कानं त्याला ऊन पाणी दिलं, भाकरी दिली, बाकी काही विचारलं नाही. तिची लोखंडी पेटी कोपऱ्यात ओढून ठेवलेली मला दिसली. अर्धी भरलेली होती. तिनं मनाची तयारी केली होती. मी मुद्दाम पुन्हा आलो होतो, पण तिच्या लेखी मी तिथं नव्हतोच.

पहाटे आम्ही दोघं ओट्यावर बसलो. अक्का बाहेर आली. पायाशी बत्ती लागली, तिन्ही पायऱ्या स्वच्छ दिसू लागल्या. ती दाराकडे वळली, फळी उचलली, कडी दाबू लागली. मी घड्याळ पाहत होतो. बत्ती कायम होती. चाळीस सेकंद, पन्नास. बत्ती कायम. मला बरं वाटू लागलं तोच अभिमन्यू ओट्यावरून उठून सरळ तिच्यापाशी गेला.

"आई, सर."

"आरं, बसती आता. जरा जोर लागतो."

"सर म्हनतो न्हवं!" त्यानं मोबाइलचा उजेड कोयंड्यावर धरला. "मामा, ही कडी अर्धा इंच खाली आलीय. बिजागरी ढिली झालीय. हे तुमी बघितलं न्हाई?"

मी पाहिलं होतं. कडी नीट जात नाही हे मी चार दिवसांपूर्वी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्यातून बत्ती किती वेळ चालू राहायला हवी एवढाच बोध घेतला होता.

तो आतून पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. बिजागऱ्या आवळल्या, कोयंडा काढून जरा खाली लावला. सात-आठ मिनिटांचं काम. मग आईला म्हणाला, "आता लाव."

तिनं उजव्या हाताच्या दोन बोटांनी कडी सरकवली. कुलूप लागलं. मी घड्याळात पाहिलं होतं, सवय, अकरा सेकंद. ती पिशवी उचलून वळली, भिंतीला हात टेकवला आणि एक-एक करून तिन्ही पायऱ्या उतरली. मध्ये कुठेही हात वर केला नाही.

खाली येऊन ती लेकासमोर उभी राहिली. "पेटी भरलीय अर्धी. बाकीची कवा भरू?"

अभिमन्यू पायऱ्यांकडे बघत होता. मग म्हणाला, "तुला उशीर हुतोय. पंचशीलाकडं जायचं न्हवं?"

"जायचं हाय."

"मग जा की."

ती लगबगीनं निघाली. अभिमन्यूनं माझ्याकडे न पाहता सांगितलं, "पाडव्यापतुर ऱ्हाऊ द्या. गल्ली परत आली की बघू. आन् मामा, परत पडली तर त्याच दिशी कळवायचं. नऊ दिसांनी न्हाई."

मी मान हलवली.

गल्लीच्या वळणाशी जाऊन अक्का थांबली. मागं वळून पाहिलं. दार बंद होतं, पायऱ्यांवर कुणी नव्हतं, आणि बत्ती अजून तेवत होती. चारातली तिची दोन-अडीच मिनिटं शिल्लक होती. रिकाम्या घराला बत्ती. आता ती काय म्हणणार हे मला माहीत होतं.

"बद्री!" रविवारनंतर तिनं पहिल्यांदा माझं नाव घेतलं. "मी गेल्यावर कुनासाठी जळतीय ती?"

"जळू दे थोडी," मी ओट्यावरूनच म्हणालो.

ती काही तरी पुटपुटली, ते मला ऐकू आलं नाही. मग पंचशीलाच्या दाराची कडी वाजली आणि पाठोपाठ आतलं लेकरू रडायला लागलं.